समोरच्याने हात मागे घेतला तर?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

चाकूहल्ल्यापासून बचावाचा तू पाठवलेला व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. खाली तू लिहिलं होतंस, "सोपं आहे, भाचीला शिकवून टाकतो." तेवढं वाचून फोन करायचा विचार बाजूला ठेवला आणि सविस्तर लिहायला बसलो. हे तिला शिकवू नकोस. का, ते नीट सांगतो.

त्या व्हिडिओतला हल्लेखोर एकच वार करतो आणि हात तसाच पुढे ताणून उभा राहतो. सगळी करामत त्या ताणलेल्या हातावर उभी आहे. शिकवणारे गृहस्थ मनगट धरतात, पिळतात, कोपरावर दाब देतात आणि चाकू खाली पडतो. पण खरोखर भोसकायला आलेला माणूस हात पुढे धरून कशाला थांबेल? तो हात झटक्यात मागे घेतो, पुन्हा मारतो, पुन्हा मारतो, आणि मोकळ्या हाताने कॉलर धरून तुम्हाला हलू देत नाही. आमच्याकडे याची एक साधी परीक्षा घेतात. एकाच्या हातात चाकू म्हणून जाड मार्कर पेन द्यायचं, दुसऱ्याला पांढरा टी-शर्ट घालायला लावायचा आणि पेनवाल्याला सांगायचं, तुला सुचेल तसा वार कर. चांगली मुरलेली माणसंसुद्धा त्यातून बाहेर येतात तेव्हा पोटावर, काखेत, मानेच्या बाजूला, हाताच्या आतल्या अंगाला शाईच्या रेघा असतात. मनगट कधीतरी हाती लागतंही, पण तोवर टी-शर्ट रंगलेला असतो. ज्या प्रशिक्षकाने हे एकदा डोळ्यांनी पाहिलंय तो सगळ्यात आधी पळायला शिकवतो. अंतर ठेव, मध्ये काहीतरी अडसर घाल, ओरड, पळ. तुझ्या व्हिडिओत पळण्याचं नावसुद्धा नाही, आणि मला राग आला तो त्याचाच.

ते गृहस्थ जाणूनबुजून फसवताहेत असं मला वाटत नाही. खोटं बोलणारा माणूस निदान स्वतः सावध असतो. यांचा स्वतःवर पुरता विश्वास आहे, आणि खरी भीती तीच आहे.

जपानमधले यानागी र्‍यूकेन आठवतात का? हात न लावता, नुसत्या अदृश्य शक्तीने माणसं पाडायचे. त्यांची जुनी चित्रफीत बघ. शिष्य धावत येतात, हे हात फिरवतात आणि सगळे कोलमडतात. २००६ मध्ये त्यांनी पैशांची पैज लावून इवाकुरा गो नावाच्या लढवय्याला सामोरं जायचं ठरवलं. लढत सुरू झाली, यानागींनी नेहमीसारखे हात पुढे केले आणि समोरून आलेले ठोसे थेट तोंडावर बसले. एका म्हाताऱ्या माणसाला असा मार खाताना बघवत नाही. पण पहिल्या फटक्यानंतरचा त्यांचा चेहरा बघ. पकडले गेल्याचा भाव त्यावर कुठेच नाही. हे असं कसं झालं, एवढंच त्या चेहऱ्यावर आहे. भोंदू माणसाने पैज लावली नसती.

मी यावर बराच विचार केलाय. पहिला शिष्य आदरापोटी पडला असेल. दुसऱ्याने पहिल्याला पडताना पाहिलं. नवा पोरगा पडला नाही, तर कमी पडला तो पोरगाच, मनापासून शिकत नाही असा त्याचा अर्थ लागणार. मग तोही पडायला शिकतो. वर्षानुवर्षं समोर येणारा प्रत्येक जण पडतोय म्हटल्यावर गुरूला शंका यावी तरी कुठून? आता हेच सगळं पडद्यावर आलंय. शंका घेणाऱ्याला बाहेरचा रस्ता दाखवायचा, वाहवा करणारे तेवढे ठेवायचे आणि त्यांच्या संख्येलाच पुरावा मानायचं. तालमीत निदान पाठ टेकली की दहा जणांना दिसते. इथे कुणाचीच पाठ कधी टेकत नाही.

दुसरी जात आहे ती "मी असतो तर" वाल्यांची. कुणी कुणाला मागून गळ्याला घट्ट पकड घातलेली दिसली की हे लिहिणार, मी डोळ्यांत बोटं घातली असती, मी चावलो असतो. दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो, हे ज्याने स्वतःच्या मानेवर अनुभवलंय तो असं लिहीत नाही. आणि चावून झालेलं आहे रे! नोव्हेंबर १९९३, अमेरिकेतलं डेन्व्हर, वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांना एकमेकांसमोर उभं करणारी यूएफसी ही स्पर्धा पहिल्यांदाच भरली होती. वजनगट नव्हते, आणि मनाई मुख्यतः चावायला आणि डोळे फोडायला होती. अंतिम लढतीत खाली सापडलेला जेरार्ड गोर्डो, ब्राझिलियन जिउ-जित्सू लढणाऱ्या रॉइस ग्रेसीच्या कानाला चावला. ग्रेसीने पकड सोडली नाहीच, उलट गोर्डोने हार मानल्यावरही आणखी थोडा वेळ आवळून ठेवली.

"आमचे डाव फार जीवघेणे, दाखवता येत नाहीत" असं म्हणणाऱ्यांना तर ज्यूदोचे जनक जिगोरो कानोंनी सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवलंय. १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात, १२ चटयांच्या जागेत, त्यांनी ज्यूदो शिकवायला सुरुवात केली. जिउ-जित्सू या जुन्या जपानी युद्धकलेचे डाव त्यांनी स्वतः शिकलेले होते. त्यातले घातक प्रकार त्यांनी ठरावीक क्रमाच्या सरावापुरते ठेवले आणि जे समोरच्याला जायबंदी न करता पूर्ण ताकदीने करता येतात ते मोकळ्या झुंजीसाठी घेतले. त्या झुंजीला ते रांदोरी म्हणत. कागदावर बघितलं तर त्यांच्या हाती कमी हत्यारं उरली. पण ती हत्यारं त्यांचे विद्यार्थी रोज, अंग चोरणाऱ्या, उलटून पडणाऱ्या, हट्टी माणसांवर वापरत होते. हजार वेळा खऱ्या विरोधावर वापरलेला एक साधा डाव आणि एकदाही न वापरलेला जीवघेणा डाव, यातला भाचीच्या हातात कुठला द्यायचा हे मला विचारशील तर मी क्षणभरही थांबणार नाही.

ज्यांना खरंच येतं त्यांची भाषा किती वेगळी असते बघ. १९५१ साली ब्राझीलमध्ये, रिओच्या माराकाना स्टेडियमवर जपानी ज्यूदोपटू मासाहिको किमुराने हेलिओ ग्रेसीचा, म्हणजे रॉइसच्या वडिलांचा आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू घडवणाऱ्यांपैकी एकाचा, हात असा पिळला की तो मोडला. हेलिओ हार मानेना, शेवटी त्याच्या बाजूने टॉवेल टाकावा लागला. तो डाव आज ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या प्रत्येक वर्गात "किमुरा" याच नावाने शिकवतात. आपल्या माणसाला हरवणाऱ्याचं नाव डावाला द्यायला किती मोठं मन लागतं! मला हे फार आवडतं.

प्रशिक्षकाकडे काळा पट्टा असला म्हणजे पुरे का, असं तू विचारलं होतंस. त्यावर फार जाऊ नकोस. प्रत्येक संघटना आपापला पट्टा देते आणि काही संघटना तर देणाऱ्यानेच काढलेल्या असतात. त्यापेक्षा वर्गाच्या शेवटी जा, मोकळी झुंज चालू असते तेव्हा. मुली झुंजतात का, की बाजूला बसून असतात, ते बघ. प्रशिक्षक स्वतः मध्ये उतरतो का, आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या पकडीत सापडला तर हसून हार मानतो का, हेही बघ. मग त्याला विचार, समोरच्याने हात मागे घेतला तर काय करायचं? चांगला प्रशिक्षक म्हणेल, धर आणि करून बघ.

आणि एक राहिलंच. तू तिला काय शिकवायचं ते ठरवलंस, पण तिला भीती कशाची वाटते हे विचारलंस का? चाकूची, की रोज अंगाला अंग लावून उभ्या राहणाऱ्या एखाद्या माणसाची, की कुणा ओळखीच्याची? तिन्हींचा इलाज वेगळा आहे. निवांत बसून विचार, मध्ये बोलू नकोस. ती काय म्हणते ते मला कळव. मग कुठला वर्ग गाठायचा ते ठरवू, आणि पहिल्या दिवशी मीही तुमच्याबरोबर येईन.

तुझाच,
जुना मित्र