पाकटांची स्वतंत्र नोंद आणि जपणूक व्हावी : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

सोलापूरला समुद्र नाही. आमच्याकडे ताजी मासळी म्हणजे उजनीची, आणि समुद्राची मासळी येते ती बर्फातून किंवा सुकवून. तरीही कोकणच्या किनाऱ्यावरील पाकटांविषयी, म्हणजे ‘स्टिंग रे’ या चपट्या माशांविषयी, मी आपल्याला लिहीत आहे, कारण आमच्या जिल्ह्याने एक प्राणी डोळ्यांदेखत विरळ होताना पाहिला आहे. नान्नजच्या माळावर १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, पण वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालणाऱ्या त्या पक्ष्याची घट भरून येणे किती अवघड असते, हे आम्हाला फार उशिरा उमगले. आता तिथे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. पाकटांचे जीवनमानही याच संथ चालीचे आहे आणि त्यांच्या बाबतीत अजून वेळ हातात आहे, असे जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला मनापासून वाटते.

पाकट हा मुशीच्या (शार्कच्या) कुळातला, हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेला मासा. त्याचे डोळे पाठीवर आणि तोंड पोटाच्या बाजूला असते. वाळूत अंग पुरून तो निश्चल पडून राहतो, तेव्हा वर फक्त डोळे आणि त्यांच्यामागची दोन श्वासरंध्रे उघडी राहतात. त्या रंध्रांतून तो स्वच्छ पाणी आत घेतो, म्हणून वाळूखाली असूनही त्याचा श्वास कोंडत नाही. खाली दडलेला खेकडा किंवा शिंपला त्याला डोळ्यांनी दिसत नाही. मात्र प्रत्येक जिवंत प्राण्याच्या शरीराभोवती जे अतिक्षीण विद्युतक्षेत्र असते, ते टिपणारी सूक्ष्म छिद्रे त्याच्या तोंडाभोवती असतात. भक्ष्याचा ठाव लागला की तो तोंडाने पाण्याचा झोत मारतो, परांची उघडझाप करून वाळू उडवतो आणि उघडा पडलेला जीव चपट्या दातांच्या पट्ट्यांत भरडून खातो.

या खाण्यातून मागे खड्डा राहतो आणि किनाऱ्याच्या दृष्टीने तोच फार मोलाचा आहे. ओहोटीच्या वेळी चिखलवाळूच्या सपाट किनाऱ्यावर असे उथळ गोल खड्डे दिसतात. खालचा काळा, प्राणवायू नसलेला गाळ त्यामुळे वर येतो, त्यात ऑक्सिजन मिसळतो आणि गाळात अडकलेली पोषकद्रव्ये पाण्यात मोकळी होतात. पुढच्या भरतीबरोबर त्याच खड्ड्यांत पालापाचोळा आणि सेंद्रिय कण साचतात व त्यांवर किडे आणि बारीक कवचधारी जीव वाढतात. पाकट वाळू उकरत असताना लहान मासे त्याच्या मागेमागे फिरतात, कारण त्याने उडवलेल्या वाळूतून त्यांनाही आयते अन्न मिळते. खेकडे, कोळंबी, शिंपल्या यांच्या संख्येवर पाकटाचा वचक असतो, तर पाकटावर हातोडीमुशीसारख्या मोठ्या मुशींचा. मधली ही कडी निघाली तर वरखालच्या दोन्ही बाजूंचे गणित बिघडते.

पाकटे शिंपल्या आणि कोळंबी फस्त करतात, तेव्हा ती कमी झालेलीच बरी, असे कोणी आपल्याला सांगण्याची शक्यता आहे. अमेरिकेत हा युक्तिवाद करून झाला आहे. मुशी कमी झाल्याने काऊनोज जातीची पाकटे बेसुमार वाढली आणि त्यांनी स्कॅलप शिंपल्यांचा फडशा पाडला, असा निष्कर्ष २००७ मध्ये एका गाजलेल्या संशोधनाने काढला. त्यावरून चेसापीक उपसागरात पाकटे मारून खाण्याची मोहीम निघाली आणि ती मारण्याच्या स्पर्धाही भरल्या. २०१६ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी शिंपल्यांची घट पाकटे वाढल्याच्या आधीच सुरू झाल्याचे आणि वर्षाला जेमतेम एकच पिल्लू देणारा हा मासा एवढ्या झपाट्याने वाढूच शकत नसल्याचे दिसून आले. पुढे २०१७ मध्ये मेरीलँड राज्याने त्या स्पर्धा थांबवल्या. आपल्याकडे अशी घाई कोणी करू नये.

महोदय, कोकणातल्या एका बंदरावर मी पाहिलेली गोष्ट सांगतो. ट्रॉलरमधून उतरवलेल्या ढिगात मीटरभराहून रुंद एक मादी पडली होती. खलाशाने सवयीने तिची शेपटी काट्यासकट आधीच छाटली होती. तिच्याजवळ ओल्या सिमेंटवर तीन पिल्ले पडली होती, पर अंगावर सुरळीसारखे गुंडाळलेले, शेपटी जेमतेम बोटभर. पकडीच्या ताणाने गाभण पाकटांचा असा अकाली गर्भपात होतो. पाकट अंडी बाहेर घालत नाही. मादी पिल्लांना पोटात वाढवते, गर्भाशयाच्या भित्तिकेतून पाझरणाऱ्या दुधासारख्या स्रावावर पोसते आणि अनेक जातींत एका वेळी मोजकीच पिल्ले देते. पापलेटची मादी अंडी टाकते ती हजारोंनी. जाळ्यात दोघे एकत्र सापडत असले तरी दोघांना एकच नियम लावून भागणार नाही. त्या पिल्लांना विकत घेणारे कोणी नव्हते. भुकटीसाठी जाणाऱ्या बारीक मासळीच्या टोपलीत ती गेली.

जगाची स्थिती आपणास ठाऊक असेलच. २०२१ च्या जागतिक आढाव्यात मुशी, पाकटे आणि त्यांच्या कुळातल्या एक तृतीयांशाहून अधिक जाती संकटात असल्याचे दिसले आणि त्याचे मुख्य कारण अतिमासेमारी हे होते. डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने जावा बेटाजवळचे एक छोटे पाकट नामशेष झाल्याचे जाहीर केले. १८६२ मध्ये मिळालेल्या एकुलत्या एक नमुन्यावरूनच ते शास्त्राला माहीत होते. माणसामुळे नाहीसा झाल्याची नोंद झालेला तो पहिला सागरी मासा.

मी सरसकट बंदी मागत नाही. पाकट हे कोळीवाड्यातले स्वस्त, पोटभरीचे अन्न आहे, सुक्या बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे आणि ज्याच्या जाळ्यात ते आपसूक येते त्या मच्छीमाराला गुन्हेगार ठरवून काहीही साधणार नाही. काटेपाकटासारख्या काही मोजक्या जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच २००१ पासून आहे. पण बंदरावर वजन होते तेव्हा वीतभर रुंदीची लहान जात आणि मोठ्या जातीचे पिल्लू एकाच ढिगात जातात, मग कवच कोणाला लाभले हे कळणार कसे? म्हणून सगळ्यात आधी जातवार नोंद हवी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुंबईतील केंद्र आणि रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय हाताशी आहेत. मोठ्या बंदरांवर जात, रुंदी आणि मादी गाभण आहे की नाही एवढे तीन रकाने रोज भरले गेले तरी काही वर्षांत चित्र स्पष्ट होईल.

दुसरी मागणी आपल्याच राज्याच्या एका चांगल्या योजनेच्या आधारावर करतो. जाळे कापून कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी (व्हेल शार्क) सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र शासन २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. त्यामुळे मच्छीमार स्वतः पुढे येऊन संरक्षित प्राणी सोडू लागले आणि त्याचा मला अभिमान वाटतो. मोठ्या गाभण पाकटांसाठीही याच धर्तीवर छोटी रक्कम ठेवावी, मात्र ती मच्छीमार सहकारी संस्थांशी आणि तांडेलांशी, म्हणजे नौकेच्या प्रमुखांशी, बोलून ठरवावी, कारण जिवंत मादी किती वेळात आणि कशी सोडायची हे त्यांच्याइतके कोणाला सांगता येणार नाही. शिवाय उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या मुखाशी पिल्ले वाढतात, तिथे यांत्रिक ट्रॉलिंगवर (तळाशी जाळे ओढत केलेल्या मासेमारीवर) राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली असलेले निर्बंध खरोखर पाळले जावेत. जून-जुलैची बंदी संपल्यावर ट्रॉलर किनाऱ्यालगत येतात, तेव्हा गस्तीची नौका तिथे दिसली पाहिजे.

शेवटी लोकांच्या भीतीविषयी. २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना पाकटांचा काटा लागला होता. आमच्या शाळांच्या सहली दरवर्षी कोकणात जातात आणि आमची मुले पहिल्यांदाच समुद्रात पाय घालतात. पाकट अंगावर धावून येत नाही, पाय पडला तरच शेपटी उगारते. म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालावे, म्हणजे ते आधीच दूर होते. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात धरल्याने वेदना कमी होतात, आणि काट्याचा तुकडा आत राहिल्याची शंका असेल किंवा जखम छाती-पोटावर असेल तर थेट रुग्णालय गाठावे. एवढा मजकूर मराठीत, चित्रासह, प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यावर लावण्यास फारसा खर्च नाही, आणि पुढच्या सहलींच्या हंगामाआधी ते काम होऊ शकते.

जातवार नोंदीचा आदेश कधी निघेल, एवढे तरी आपल्या कार्यालयाने कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक,
सोलापूर