फ्रान्स उधळा आणि जर्मनी काटकसरी? जरा थांबा

संपादक, स.न.वि.वि.

फ्रान्स आणि जर्मनीच्या सरकारी पगारखर्चाची तुलना तुमच्या पेपरात वाचली. फ्रान्स जीडीपीच्या साधारण 12 टक्के घालवतो, जर्मनी 8 च्या आसपास, आकडे बरोबरच आहेत, पण त्यावरून फ्रेंच उधळे आणि जर्मन काटकसरी असा जो निकाल लावून टाकलाय तो काही पटला नाही.

नर्सचंच घ्या. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या सरकारी हॉस्पिटलातली नर्स सरकारी नोकर, तिचा पगार सरळ त्या 12 टक्क्यांत धरला जातो. जर्मनीतल्या कोलोनमधे चर्चच्या संस्थेच्या हॉस्पिटलात तेच काम करणारी नर्स त्या संस्थेची नोकर. हॉस्पिटलला पैसे देतो आरोग्य विमा फंड, म्हणजे लोकांकडून सक्तीने घेतलेली वर्गणीच, फक्त हिशोबात ते पगार म्हणून दिसत नाही, नागरिकांसाठी विकत घेतलेली सेवा म्हणून दिसतं. विकत घेतलेल्या सेवांचा हा दुसरा रकाना बघा ना, तिथे जर्मनी जीडीपीच्या 8 टक्क्यांच्या वर आणि फ्रान्स 6 च्या आसपास! बालवाड्यांचं पण तेच, जर्मनीत बऱ्याचशा चर्च आणि सेवाभावी संस्था चालवतात, एकट्या कारितास (कॅथलिक) आणि डियाकोनी (प्रोटेस्टंट) या चर्चच्या दोन सेवासंस्थांकडे मिळून दहा लाखांहून जास्त माणसं कामाला आहेत आणि त्यातलं कोणीच सरकारी नोकर नाही.

बरं, पगारावर एवढा खर्च म्हणजे फ्रान्समधे पगार तगडे असतील असं वाटतं, तर तसंही नाही. तिथल्या शाळामास्तरला जर्मन मास्तरपेक्षा बराच कमी मिळतो. ज्या पॉइंटवर (एका पॉइंटला ठरलेले युरो, असा हिशोब) सगळ्या सरकारी नोकरांचा मूळ पगार ठरतो तो 2010 पासून 2016 पर्यंत गोठवून ठेवला होता, पुढे महागाई भडकली तेव्हा 2022 ला 3.5 आणि 2023 ला 1.5 टक्के वाढवला, बास.

मग पैसा जातो कुठे? एक तर पेन्शनमधे. कायम नोकराच्या मूळ पगारावर फ्रेंच केंद्र सरकार मालक म्हणून 2024 पर्यंत 74.28 टक्के पेन्शनपोटी भरत होतं, 2025 ला ते 78.28 झालं. (खाजगी मालक 16-17 टक्के भरतो.) हे पैसे खरं तर आज रिटायर असलेल्यांना वाटले जातात, पण धरले जातात आजच्या नोकरांच्या खर्चात. जर्मनीत निम्म्याहून जास्त सरकारी कर्मचारी साध्या नोकरी-करारावरचे (तात्पुरते नव्हे, फक्त खास सरकारी सेवकाचा दर्जा नसलेले), त्यांची पेन्शन बाकी जनतेसारखीच पेन्शन विमा फंडातून, त्यामुळे तिथे हा फुगवटा एवढा दिसत नाही.

फ्रान्सचं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाहीये. सुमारे 35 हजार नगरपालिका, त्यावर जिल्हे, प्रांत, आणि 1982 नंतर अधिकार खाली दिले तरी वरची माणसं काही त्या प्रमाणात कमी झाली नाहीत, तिथे टीका करायला भरपूर जागा आहे आणि करावीच. पण ती करताना नर्स आणि पेन्शनर बाजूला काढून मग बोला.

पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा बाहेरच्या संस्थांकडून विकत घेतलेल्या सेवांचा रकाना पण शेजारी छापा, दोन बोटं जागा लागेल फार तर.

आपला,
एक नियमित वाचक