"फेकू नये" लिहिणाऱ्या ताईंस

ताई,

तुम्ही लॅबमध्ये जंतू तपासणाऱ्या, मी वॉर्डातली डॉक्टर. आपली ओळख फोनवरची. रिपोर्टखाली सहीसुद्धा तुमची नसते, म्हणून हे उघड पत्र.

आमच्या वॉर्डातल्या एका पेशंट काकांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला कडेने चमकणारी गाठ होती, उजवा हात लुळा पडला होता. अशी गाठ दिसली की आपल्याकडे आधी टीबी आठवतो, त्यात गैर काही नाही. पण आधीच्या हॉस्पिटलात गाठीतला पू काढून सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रवात) टाकला, याचा राग अजून जात नाही. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखणं, कसलं करणार? चमचाभर पू कोऱ्या निर्जंतुक डबीत ठेवला असता तरी पुरलं असतं. पुढे अंदाजानेच टीबीची औषधं आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक चालू राहिलं.

दुसऱ्यांदा काढलेला पू ठाणे शहरातल्या लॅबमध्ये तुमच्या टेबलावर आला. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून बघायच्या पहिल्या तपासणीत, बारीक, फांद्या फुटलेले, मण्यांसारखे तुटक रंगलेले धागे दिसले. टीबीच्या नेहमीच्या स्टेनमधलं 20 टक्के सल्फ्युरिक आम्ल यांचा रंग धुऊन टाकतं. कुणी न सांगता तुम्ही 1 टक्का आम्लाने दुसरी स्लाइड केली. धागे लाल राहिले. नोकार्डिया या जंतूचं नाव तिथे पहिल्यांदा निघालं.

आणि ती जंतू वाढवायची प्लेट! दोन-तीन दिवसांत काही उगवलं नाही की प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारून फेकायला, जाते. नोकार्डिया कधी आठवडा घेतो, कधी दोन-तीन. प्लेटमधला अगार (जंतूंचं जेलीसारखं खाद्य) सुकू नये म्हणून तुम्ही कडेने टेप गुंडाळली आणि मार्करने लिहिलं, "फेकू नये, 21 दिवस". तेही झाकणावर नाही, तळाला. कारण झाकणं अदलाबदल होतात. रात्रपाळीच्या माणसालाही ते वाचता यावं इतक्या ठसठशीत अक्षरात. नवव्या दिवशी खडूसारख्या पांढऱ्या, कोरड्या, अगारात रुतलेल्या वसाहती उगवल्या. नोकार्डियाचीच एक जात, नोकार्डिया फार्सिनिका. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला सहसा दाद न देणारा.

मग औषधं बदलली. को-ट्रायमोक्साझोल, त्यातल्या ट्रायमेथोप्रिम या घटकाच्या हिशोबाने वजनाच्या किलोमागे दिवसाला 15 मिलिग्रॅम, जोडीला इमिपेनेम आणि अमिकासिन. सहा आठवडे शिरेतून, पुढे गोळ्या, एकूण किमान वर्षभर. गाठ लहान दिसली म्हणून मध्येच थांबवलं तर आजार उलटतो. रक्तातलं पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि रक्तपेशींवर सतत नजर ठेवावी लागते. ती आम्ही ठेवतोय.

ज्याचा चेहराही कधी दिसणार नाही अशा माणसासाठी मार्कर उचलायचा, हे कुठल्याही ड्यूटीच्या यादीत नसतं. अशी माणसं लॅबच्या बंद दारामागे आहेत म्हणून वॉर्डात आमचे चुकलेले अंदाज सुधारतात.

काकांनी काल चहाचा कप उजव्या हाताने उचलला. थोडा सांडला. पण तुमच्यापर्यंत हे कुणी पोचवलं नसतं, म्हणून कळवतेय.

तुमची,
वॉर्डातली एक निवासी डॉक्टर