डेक्कन क्वीनमधल्या अनोळखी माणसांनो, मनापासून आभार

आप्पांची एकच इच्छा होती. राणीच्या वाढदिवसाला राणीतूनच जायचं, आणि डायनिंग कारमध्ये बसून टोस्ट खायचा. 1 जून 1930 ला ही गाडी सुरू झाली. दरवर्षी त्या दिवशी पुणे स्टेशनवर पासहोल्डर मंडळी केक कापतात, इंजिनाला हार घालतात. आप्पांनी ऐन उमेदीची वर्षं याच गाडीने अप-डाउन केलं. आता गुडघे साथ देत नाहीत.

सकाळी सव्वासातची गाडी, फलाटावर ही गर्दी! निळ्या शर्टातल्या दोन मुलांनी न विचारता आप्पांना अलगद डब्यात चढवलं. खिडकीची जागा एका काकूंनी सोडली, 'मी रोजच बघते हो,' म्हणाल्या.

पुढे चालत्या गाडीत डायनिंग कारपर्यंत जायचं होतं. दोन डब्यांच्या जोडावर आप्पा थबकले. तेवढ्यात त्यांतलाच एक मुलगा समोर आला, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि स्वतः उलटा चालत, 'या आजोबा, सावकाश' म्हणत त्यांना टेबलापर्यंत घेऊन गेला. वाढणाऱ्या दादांनी थरथरणारे हात पाहिले आणि टोस्टचे बारीक तुकडे करून आणले. चहा अर्धाच कप, सांडू नये म्हणून.

लोणावळा सोडून गाडी बोरघाटात शिरली. बोगदा, उजेड, पुन्हा बोगदा. आप्पा लहान मुलासारखे हसत होते, मिशीला लोणी लागलेलं.

तुमची नावं विचारायची राहून गेली. आप्पा रोज तुमची आठवण काढतात.