लंगडत निघालेला याकोब

प्रिय लेकी,
प्रभूच्या नावात सलाम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. प्रार्थना जमत नाही, मन कोरडं पडलंय, 'स्वतःशी चाललेली लढाई मी हरले', म्हणून नर्सिंग सोडते म्हणालीस.

लढाईची भाषा तू चर्चमध्येच शिकलीस. संडे स्कूलला पुठ्ठ्याची ढाल घेऊन बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय घडाघडा म्हणायचीस. तो आता सावकाश वाच. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो. तू मात्र शत्रू म्हणून स्वतःलाच समोर उभं केलंस. तिथल्या देवाच्या शस्त्रसामग्रीत उरस्त्राण, ढाल, शिरस्त्राण, बहुतेक सगळं अंग राखायला आहे. तलवार एकच, तीही देवाचं वचन. पौल 'चाल करा' म्हणत नाही, 'टिकून राहा' म्हणतो. आणि रोमकरांना लिहिताना हाच पौल कबूल करतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही.

मला विचारशील तर तुला बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोब जवळचा. ज्याला फसवलं तो भाऊ एसाव चारशे माणसं घेऊन येतोय, बायकामुलं यब्बोक नदीपलीकडे धाडलेली, आणि हा एकटा पहाटेपर्यंत देवानं धाडलेल्या अनोळखी पुरुषाशी कुस्ती धरून. कोल्हापूरच्या पोरीला हे काय समजवायचं! तालमीत बघितलंयस, खाली गेलेला पैलवान लाल मातीत पोटावर घट्ट पडून राहतो, वरचा मानेवर घुटना देतो, पण पाठ टेकत नाही तोवर तो चीत नाही. याकोबाची जांघ निखळली तरी पकड सुटली नाही. आशीर्वाद दिल्याशिवाय जाऊ देणार नाही, म्हणाला. आशीर्वाद मिळाला, नवं नाव मिळालं, आणि गडी लंगडत निघाला. प्रार्थना जमत नाही म्हणून तू रडतेस ना, बाळा, तीही पकडच आहे.

आता कोर्सचं. इग्नेशियस लोयोला हा मूळचा लढवय्या, 1521 साली पाम्प्लोनाला तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला. आपल्या मंडळीत कॅथलिक संतांचं नाव फारसं निघत नाही, पण त्याचा एक नियम मला फार पटतो: मन कोरडं असताना आधी केलेला निर्णय बदलायचा नाही. म्हणून अर्ज आत्ता देऊ नकोस. परीक्षा होऊ दे, घरी ये, मम्मी, तू, मी बसून बोलू. त्यानंतरही सोडावंसं वाटलं तर भरलेल्या फीचा विचार करू नकोस, मी तुझ्या बाजूनं आहे.

आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर वॉर्डनबाईंना सांगून डॉक्टरांना दाखव. तेवढं उद्याच कर.

तुझे पप्पा
कोल्हापूर