गिऱ्हाईक मे महिन्यात शोधू नका

संपादक महोदय,

लहान दुकानदारांसाठी मार्केटिंगचे सल्ले आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. मी ते आवडीने वाचते. पण त्यातले बहुतेक सल्ले नवे गिऱ्हाईक कसे आणायचे याचेच असतात. रील काढा, ऑफर लावा, लोगो करून घ्या, वगैरे. आमचे मानेवाडा रोडला कूलरचे दुकान आहे. मी गल्ल्यावर बसते, हे आणि दोन पोरे फिटिंगला जातात. नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर गेला, नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की कूलरवाल्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. दुकानाचे शटर उघडायच्या आधीच दोघेतिघे पायरीवर बसलेले असतात. आणि दुकानाचे नाव जाते तेही नेमके त्याच दिवसांत. माल कमी, माणूस कमी, आणि समोरच्याच्या घरात रात्रभर झोप नाही. म्हणून माझ्यासारख्यांना मला सांगायचे आहे की पैसा आणि डोके जुन्या गिऱ्हाइकावर लावा, तेही होळीच्या आधी.

आमची जाहिरात म्हणजे एक लांब वही. त्यात नाव, मोहल्ला, कूलर किती इंची पंख्याचा, पंप कधी बसवला, जाळीतले वुडवूल, म्हणजे लाकडाच्या किसाचे गवत, कधी बदलले, टाकीला डांबर कधी मारले हे लिहिलेले असते. शेवटच्या रकान्यात मात्र मी मनचे लिहिते : ‘कुत्रा आहे, फोन करून जाणे’, ‘आजोबा दुपारी झोपतात, चारनंतर’, ‘जिना अरुंद, दोन माणसे लागतील’. या रकान्याने आम्हाला जेवढी गिऱ्हाइके टिकवून दिली तेवढी कुठल्याही बॅनरने दिली नसतील. पुढच्या वर्षी फिटिंगवाल्या पोराने दारात गेल्यावर बेल न दाबता हळूच फोन केला की त्या घरचे लोक दुसऱ्या दुकानाकडे बघतसुद्धा नाहीत. कूलरच्या मागच्या पत्र्यावर आम्ही ऑइल पेंटने महिना-वर्ष आणि दुकानाचा नंबर लिहितो. स्टिकर लावत नाही, कारण पाण्याने ते एका हंगामात गळून पडते.

फेब्रुवारी लागला की वही उघडून मी फोन करायला बसते. ‘काकू, मागच्या वेळी वुडवूल दोन वर्षांचं झालं होतं, औंदा बदलून घ्या. आत्ता सवडीने होईल, एप्रिलमध्ये मलाच माणूस मिळणार नाही.’ यात आर्जव नाही, सवलत नाही, आणि जे सांगते ते खरे असते. निम्मे लोक हो म्हणतात. उरलेले ‘बघू, होळी तर होऊ द्या’ म्हणतात आणि मे महिन्यात आमचाच नंबर फिरवतात.

व्हॉट्सअॅपबद्दल थोडे. बिझनेसचे वेगळे अॅप फुकट मिळते. त्यात दुकानाची वेळ, पत्ता, मालाचे फोटो टाकता येतात. ते जरूर वापरा. पण त्यातली ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांपर्यंतच जाते, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच निरोप पोचतो, हे अनेकांना माहीत नसते. म्हणून बिल देतानाच ‘ताई, नंबर सेव्ह करून घ्या, बिघडलं तर कामी पडेल’ म्हणावे. आणि एकदा नंबर मिळाला म्हणून रोज सकाळी फुलांचे फोटो आणि सुविचार पाठवू नयेत. दुकानाचा निरोप वर्षातून चार वेळा गेला तरी पुरे, पण त्यात कामाची गोष्ट असावी.

आमचा सगळ्यात कामी आलेला निरोप जुलैचा आहे. पाऊस लागला की लोक कूलर बंद करतात आणि टाकीतले पाणी तसेच राहते. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो. महापालिकेची माणसे घरोघरी कूलर तपासत फिरतात ती यासाठीच. आम्ही लिहितो : टाकी रिकामी करा, आतून घासा, वाळू द्या, जमत नसेल तर माणूस पाठवतो, पंप काढून, जुने वुडवूल फेकून, कव्हर घालून देऊ, इतके रुपये. त्या महिन्यात आमच्याकडे तसे कामच नसते, त्यामुळे पोरांची मजुरी निघते. शिवाय कुठल्या घरात टाकीचा तळ सडला आहे ते तेव्हाच कळते आणि वहीत चढते.

आता मे महिन्याकडे येते. आपल्याकडे ‘हे काय, निघालाच’ आणि ‘उद्या येतो’ ही दोन वाक्ये धंद्याचा जितका घात करतात तितका ऑनलाइन कंपन्याही करत नसतील. तासाला फोन येतो, आपण तासाला खोटे बोलतो. मी तसे बोलू देत नाही. ‘भाऊ, आज जमत नाही. परवा चार ते सात. निघताना पोरगा फोन करेल.’ समोरचा चिडतो, ‘काय वहिनी, तोवर काय पोट्ट्यांनी गच्चीवर झोपायचं का?’ म्हणतो, पण परवा चारला माणूस दारात दिसला की राग ओसरतो. तान्हे बाळ किंवा आजारी माणूस असलेले घर आम्ही यादीत वर घेतो आणि बाकीच्यांना ते तोंडावर सांगतो. आजवर त्यावरून कुणी भांडले नाही.

तक्रारीचे म्हणाल तर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी बाजारात अजून दिसते. ती काढून टाका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू आहे. त्यात बिल न देणे आणि सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. गिऱ्हाईक १९१५ वर फोन लावू शकते. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब सोपा आहे. पंप जळाला म्हणून कुणी आले की दुकानदाराच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ‘टाकीत पाणी होतं का?’ बहुतेक वेळा पाणी नसतेच, कोरडा चालून पंप जळतो. तरीही तो प्रश्न आधी विचारला की समोरचा आरोपी होतो आणि भांडण सुरू होते. आम्ही आधी पंप हातात घेतो, लावून बघतो, पाण्याचा ग्लास पुढे करतो, मग विचारतो. नवा फुकट द्यायचा की निम्म्यात, ते नंतर शांतपणे ठरते. विकतानाच ‘कोरडा चालवू नका’ असे बिलावर लिहून दिले तर ही वेळ निम्म्याने कमी येते.

विकताना सांगायची दुसरी गोष्ट अर्थिंगची. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या आपणच छापता. पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी, आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कुणीतरी उपटलेली. आमचा पोरगा फिटिंगला गेला की आधी सॉकेट तपासतो. अर्थिंग नसेल तर कूलर जोडून देत नाही, इलेक्ट्रिशियन बोलवायला सांगतो आणि वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारे ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी बसवायला सुचवतो. त्या दिवशी विक्री अडते, एखादा माल परतही पाठवतो. पण त्याच घरातून पुढे मावशीचा, शेजाऱ्याचा, ऑफिसातल्या साहेबांचा फोन येतो.

गूगलवर दुकान टाकणे फुकट आहे. ‘गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर दुकान नकाशावरून निघेल’ असे फोन येतात, त्यांना एक रुपया देऊ नका. वेळ आणि पिन बरोबर आहे का तेवढे पाहा. आमच्याकडे दोन गल्ल्या सोडून पिन पडला की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात शिरते. एका तारेचा शेरा आला तर दोन ओळीत, नम्रपणे, फोन नंबर देऊन उत्तर द्या. आमच्याच रस्त्यावरच्या एका दुकानदाराने ‘तुम्हीच फुकटात मागत होता’ असे उत्तर लिहून ठेवले आहे. तक्रार कशाची होती ते कुणी वाचत नाही, उत्तर मात्र सगळा मोहल्ला वाचतो.

उधारीवर फार लिहीत नाही, ते ज्याचे त्याला कळते. फक्त एवढे की उधारी थकली की माणूस आपल्या दुकानासमोरून जायचे टाळतो, आणि मग हजारभर रुपयांपायी पुढचा धंदाही जातो. म्हणून तारीख ठरवून, लहान रक्कम, आणि आठवण फोनवर करावी, चार लोकांसमोर कधीच नाही.

शेवटी आपल्याकडेही एक विनंती. उन्हाळी खरेदीच्या पुरवण्या ऐन मे महिन्यात निघतात. तेव्हा आम्हाला पेपर उघडायलाही फुरसत नसते, आणि वाचकांनी घाईत पडेल त्या भावाला कूलर घेतलेला असतो. ती पुरवणी फेब्रुवारीत काढा, आणि दोन माणसांच्या दुकानाला परवडेल अशी छोटी जाहिरात त्यात ठेवा. आमच्या रस्त्यावरची चार-पाच दुकाने तर नक्की देतील.

आपली,
एक कूलरवाली
मानेवाडा रोड, नागपूर