गार न होणारा फ्रिज आणि कागदावर ‘सोडवलेली’ तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिजचा डीफ्रॉस्ट बिघाड न दुरुस्त करता तक्रार बंद केल्याबाबत

महोदय,

आज सकाळी तुमच्या कस्टमर केअरशी माझे शेवटचे बोलणे झाले. यापुढे मी तिथे फोन करणार नाही, जे काय ते लेखी.

फ्रिज तुमचाच आहे, तेव्हा त्याची रचना मी सांगायला नको. वर फ्रीझरमध्ये बर्फ दगडासारखा होतो, खालचा कप्पा मात्र गार होत नाही. दारावरच्या डिस्प्लेत ३ अंश, आणि आत फळीवर ठेवलेल्या थर्मामीटरमध्ये १४. दूध नासते, सकाळी ठेवलेले दही रात्रीपर्यंत आंबटढाण होते. रात्रभर बंद करून दारे उघडी टाकली की खाली अंथरलेली फडकी चिंब होतात आणि पुढचे काही दिवस सगळे झकास. मग फ्रीझरच्या मागून पंख्याची पाती बर्फाला घासल्याची टरटर सुरू होते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गॅस गेला असता तर वर बर्फच झाला नसता. गार करणाऱ्या कॉइलवरचा बर्फ वेळोवेळी वितळवणारा हीटर, नाहीतर त्याचा सेन्सर किंवा बायमेटल (तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारा स्विच), यांपैकी काहीतरी गेले आहे. कॉइल बर्फाने बुजते आणि गार हवेची खाली यायची वाटच बंद होते. हे माझे संशोधन नाही. तुमच्याच टेक्निशियनने मागचे पॅनल काढून मला दाखवले. पांढरी लादी बसली होती, कॉइल दिसतसुद्धा नव्हती. मग त्यांनी माझ्याकडून तपेलीभर गरम पाणी मागून घेतले, बर्फ पाडला, ‘हीटर गेलाय बहुतेक, पार्ट मागवतो’ म्हणाले आणि गेले. पार्ट आलाच नाही. जॉबशीटवर लिहिले आहे : ‘गॅस ओके, कस्टमर एज्युकेटेड.’ मी शिकले ते इतकेच, की तुमच्याकडे ओटीपी न देताही तक्रार बंद होते.

ही पहिली तक्रार जानेवारीत केली होती, तेव्हा वर्षाची वॉरंटी चालू होती. ती न दुरुस्त करता बंद केलीत, आणि आता नव्या तक्रारीला ‘वॉरंटी संपली, पार्टचे आणि व्हिजिटचे पैसे लागतील’ असे उत्तर. दारावर मोठ्या अक्षरांत ‘१० वर्षे वॉरंटी’ आहे, पण ती कंप्रेसरची. कंप्रेसर उत्तम चालू आहे, अभिनंदन.

आता आजचा फोन. मराठीसाठी दाबायचे ते बटण दाबले की हिंदी बोलणारे येतात, ते सोडून देते. बऱ्याच वेळाने ‘वरिष्ठ’ आले, त्यांना मराठी येत होते. गरम पदार्थ ठेवता का? नाही. दार सारखे उघडता का? मी म्हटले, फ्रिज आहे, तिजोरी नाही, उघडावा लागतो. भिंतीपासून अंतर आहे का? आहे. दारात कागद अडकवून रबर बघा. पाहिले आहे, ओढला की कागद फाटतो. हीटर कधी बदलणार ते सांगा, असे मी विचारले. त्यावर साहेब म्हणाले, ‘मॅडम, हे जरा टेक्निकल आहे. घरात कोणी जेन्ट्स असतील तर त्यांना फोन द्या ना, मी त्यांना समजावतो.’

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. म्हटले, काय म्हणालात? त्यांना सावरून घ्यायला जागा होती. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटले, यावेळी सावकाश, बालवाडीतल्या मुलाला सांगावे तसे. मी सांगितले की बिल माझ्या नावावर आहे, तक्रार माझ्या नावावर आहे, हप्ते माझ्या पगारातून गेले. ‘तसं नाही मॅडम, पण लेडीजना जरा...’ एवढे बोलून त्यांनी मला होल्डवर टाकले. तिथे ‘आपला वेळ आमच्यासाठी मौल्यवान आहे’ ऐकत राहिले आणि फोन कट झाला. पाठोपाठ मेसेज : तक्रार सोडवली आहे, पाचपैकी गुण द्या. तुमचे कॉल रेकॉर्ड होतात असे तुम्हीच ऐकवता. हा कॉल काढून बसून ऐका.

‘उन्हाळ्यात असंच होतं’ असेही एकदा ऐकवून झाले आहे. अकोल्याचा मे आम्हाला नवा नाही. फ्रिजच्या मागच्या स्टिकरवर क्लायमेट क्लास ‘टी’ छापला आहे, म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या हवेत तो नीट चालायला हवा. आणि पुन्हा सांगते, बिघाड सुरू झाला जानेवारीत. जानेवारीत अकोल्यात लोक स्वेटर घालतात.

सासूबाईंचे इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. सध्या ते शेजारच्या काकूंच्या सिंगल डोअर फ्रिजमध्ये आहे. बटण दाबून बर्फ काढावा लागतो असा जुना, पण गार करतो. तोही तुमच्याच कंपनीचा. तो पाहूनच आम्ही हा घेतला होता.

वॉरंटीत नोंदवलेला बिघाड वॉरंटीतलाच धरून विनामूल्य दुरुस्त करावा, आणि आजच्या संभाषणाबद्दल लेखी खुलासा द्यावा. पंधरा दिवसांत झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तिथे तुमचे जॉबशीट मी मोठ्याने वाचून दाखवीन.

माणूस पाठवाल तो हीटर, सेन्सर आणि बायमेटल सोबत घेऊनच पाठवा, ‘आधी बघून जातो’ म्हणणारा नको. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी मी घरी असते. ओटीपी खालच्या कप्प्याचे तापमान दोन आठवडे पाहून मगच देईन.

आपली ग्राहक,
अकोला

सोबत : बिलाची प्रत, जॉबशीटची प्रत, बर्फाने बुजलेल्या कॉइलचे आणि थर्मामीटरचे फोटो